माझ्या बहिणीचे शेवटचे ‘सावधान’

दिनांक १५ डिसेंबर २०२४, रविवार. स्थळ : ठाणे, आमच्या इमारतीसमोरचे भाड्याने दिले जाणारे मैदान. या दिवशी सायंकाळी काही हजार तरुण-तरुणींच्या जमावासमोर माझी थोरली बहीण सरोज वैशंपायन हिचा आवाज तिच्या नकळत, तिच्या संमतीवाचून आणि तिच्या अनुपस्थितीत ध्वनिक्षेपकावरून वाजवण्यात आला. त्या आवाजाने ‘सावधान’ म्हणताच जमावाने तांदूळ उधळले. हा प्रकार रात्री दहापर्यंत चालला. लग्न कोणाचेही लागले नाही. ही नोंद मी येथे करतो, कारण अन्यत्र ती कोणी करून घेत नाही.

मी त्या वेळी घरात चहा घेत होतो. खिडकीतून ताईचा आवाज आला तेव्हा ती खाली आली असावी असे मला वाटले. खाली कोणी नव्हते. आवाज मैदानातून येत होता, आणि त्याच्याखाली कोणीतरी खलबत्त्यात सतत काहीतरी कुटत असावे असा ठेका होता. मी ताईला दूरध्वनी केला.

“तू मैदानात काय करतेस?”

“कुठल्या मैदानात? मी मटार सोलतेय.”

“मग तिकडे गातंय कोण?”

“श्रीपाद, तू बीपीची गोळी घेतलीस का?”

मी मैदानात गेलो. रंगमंचावर दोन स्वयंसेवक पांढरा अंतरपाट धरून उभे होते. त्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखलेले होते आणि पाठीमागे दोन आकृती यंत्रांवर वाकलेल्या दिसत होत्या. शेजारच्या एका मुलाने मला माहिती पुरवली की, हे ‘वरपक्ष’. दोघे आहेत, तोंड कोणालाही दाखवत नाहीत, नावे कोणालाही ठाऊक नाहीत. जुन्या लग्नांच्या चित्रफितींतले आवाज कापून, जोडून, खाली ठेका घालून ते संगीत करतात. या प्रकारास ‘हाऊस’ म्हणतात. “एकदम नॉस्टॅल्जिक आहे काका,” तो म्हणाला. त्याचे वय वीसच्या आसपास असावे. ज्या काळात आपला जन्मच झाला नव्हता त्या काळाच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले होते.

ताईचा आवाज जे पुनःपुन्हा म्हणत होता ती ओळ अशी : ‘मामी ती रडते कशास न कळे मामास काही कधी.’ यातली मामी म्हणजे माझी पत्नी योगिनी. मामा कोण, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

ही ओळ कोठून आली हे कळण्यासाठी माझ्या बहिणीविषयी सांगणे प्राप्त आहे. तिच्याविषयी आजवर कोणी लिहिलेले नाही. लिहावे असे तिने काही केले आहे असे खुद्द तिलाही वाटत नाही.

ताईचे वय बासष्ट. राहणे नौपाड्यात, तिसरा मजला, उद्वाहन नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ती टंकलेखिका होती. कारखाना बंद पडला. यजमान त्याआधीच गेले होते, मूलबाळ नव्हते. त्याच सुमारास आमच्या एका आतेबहिणीच्या लग्नात मंगलाष्टका म्हणणाऱ्या बाई आयत्या वेळी आल्या नाहीत, आणि कोणीतरी ताईला पुढे ढकलले. त्यानंतर ती ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या असंख्य कार्यालयांत गायली. नारळ आणि खण याव्यतिरिक्त तिने काहीही घेतले नाही.

तिचा आवाज गोड नाही. उन्हातून आल्यावर पाणी मागणाऱ्या माणसाचा असतो तसा तो कोरडा आहे. परंतु तिच्या मंगलाष्टका बाजारातल्या पुस्तिकेतल्या नसत. लग्नाआधी ती दोन्हीकडच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसे. लसूण सोलून देई. कोण कोणाशी कसे बोलते ते ऐके. मग आठ कडवी रची, अस्सल शार्दूलविक्रीडितात, आणि त्यांत ‘सुशील’, ‘सद्गुणी’ असे शब्द चुकूनही नसत. जे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही, ते ती सर्वांसमक्ष, वृत्तात, गणपतीला नमन करून म्हणे. लोक हसत, क्वचित कोणाचे डोळे पाणावत, आणि अक्षता पडत. कडवी ती लिहून ठेवत नसे. एका लग्नाची कडवी दुसऱ्या लग्नात म्हणणे म्हणजे एकाची चप्पल दुसऱ्याला घालणे, असे तिचे मत आहे.

तिची आणखी एक पद्धत होती आणि तिच्यावरून पुरोहितांची तिच्याशी कायमची तेढ होती. प्रत्येक कडव्याअखेर ‘सावधान’ येते, परंतु आठव्याअखेरचे, म्हणजे शेवटचे, ती लगेच म्हणत नसे. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधू आणि वर खाली मान घालून उभे असतात. दोघांनीही आपण होऊन मान वर केली, म्हणजे ती म्हणे. तोवर कडव्याचा शेवट लांबवी. कल्याणला एकदा प्रीती नावाच्या मुलीने मान वर केली नाही. ताईची आठ कडवी संपली. तिने नववे उभ्या उभ्या रचले, ते छताच्या पंख्यावर होते. दहावे आचाऱ्यावर होते. अकराव्याच्या मध्यावर अंतरपाटामागून “मला नाही करायचं” असे शब्द आले. त्या दिवशी वरमाय ताईला जे बोलली ते येथे छापता येणार नाही. प्रीती अजून दर दिवाळीला ताईकडे चकल्या घेऊन येते.

असो. २००१ साली आमच्या सर्वांत थोरल्या, आता हयात नसलेल्या बहिणीची मुलगी रुचिता हिचे लग्न डोंबिवलीत झाले. योगिनी त्या लग्नात सकाळपासून रडत होती. ताईने त्याचे कडवे केले. ती चित्रफीत पुढे शूटिंगवाल्याने जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकली, आणि ‘वरपक्ष’ने तिथून ताईला उचलले.

मी एका पोलीस चौकीत गेलो.

“तक्रार कोणाविरुद्ध?”

“वरपक्षाविरुद्ध.”

“मुलगी तुमची कोण?”

“मुलगी नाही. आवाज आहे. बहिणीचा.”

“बहिणीला त्रास देतात का?”

“तिच्या आवाजावर नाचतात.”

हवालदाराने पेन खाली ठेवले. “काका,” तो आवाज उतरवून म्हणाला, “मामी ती रडते? ते तुमच्या घरचंय? मग मामी का रडते हो? आमच्याकडे पैज लागलीये.”

हाच प्रश्न जानेवारीपासून योगिनीला भाजीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत प्रत्येक जण विचारू लागला. ती प्रत्येकाला वेगळे कारण सांगते. दंतवैद्याला तिने दुसऱ्या पंगतीची जिलबी संपल्याचे सांगितले. तुला या प्रकाराची चीड कशी येत नाही, असे मी तिला विचारले.

“चीड कसली? चोवीस वर्षांनी का होईना, कुणी विचारलं तरी.”

ती ओळ छापलेले सदरे राम मारुती रस्त्यावर विकले जात होते. किराणा दुकानांत उधळण्याच्या तांदळाची वेगळी पुडी आली. आणि ताईला लग्नांची बोलावणी येणे थांबले. हा अपमान नव्हता. लोक आदराने, पेढे घेऊन, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येत आणि सांगत, “सरोजताई, आता तुम्हाला दगदग नको. तुमचंच गाणं लावणार आहोत.”

“ते गाणं रुचिताच्या लग्नातलं आहे,” ताई म्हणे.

“हो ना! किती फ्रेश आवाज आहे!”

फेब्रुवारीत रुचिता स्वतः आली. तिची मुलगी आसावरी हिचे लग्न ठरले होते. मुलगा कल्याणचा, नाव सलिल, लग्न एप्रिलमध्ये, डोंबिवलीत. ताईने आसावरीसाठी आठ कडवी आधीच रचून ठेवली होती. सलिलच्या घरी जाऊन तिने दोन जुड्या मेथीही निवडून दिली होती.

“मावशी,” रुचिता म्हणाली, “तू पहिल्या रांगेत बस. सलिलच्या मित्रांची इच्छा आहे की ‘वरपक्ष’चंच लावायचं. तुझाच तर आवाज आहे गं.”

“माझा आहे. पण तो तुझ्या लग्नाचा आहे. हिच्या लग्नाला मी जिवंत आहे की.”

रुचिता हसली. मावशी विनोद करते आहे असे तिला वाटले.

ती गेल्यावर ताईने दार लावले. मग म्हणाली, “आठही झालीत रे. डोक्यात बसलीत. म्हटल्याशिवाय जात नाहीत.” तेव्हापासून ती दूध तापवताना, जिना उतरताना, ती आठ कडवी पुटपुटत असे. गायलेले ती विसरते. न गायलेले कोठे ठेवावे हे तिला कोणी शिकवले नव्हते.

मार्च महिन्यात एका दुपारी मी तिच्याकडे असताना दारावर टकटक झाली. दार उघडले तर समोर अंतरपाट. दोन मुले तो धरून जिन्यात उभी होती आणि खालून चार पाय दिसत होते, दोन खेळाच्या बुटांत, दोन कोल्हापुरी चपलांत. समोरच्या बिऱ्हाडातल्या आवडाबाईंनी दार किलकिले केले, कुंकवाचे स्वस्तिक पाहिले आणि देवासमोरच्या वाटीतले तांदूळ आणून भक्तिभावाने त्या चौघांवर टाकले.

“सरोजआजी आहेत का?” कापडामागून आवाज आला. “आम्ही ‘वरपक्ष’. पाया पडायला आलोय.”

“चपला बाहेर,” ताई म्हणाली.

ते आत आले. कापडासह बसणे अवघड होते, म्हणून ज्यांनी ते धरले होते त्यांना स्टुलांवर उभे करण्यात आले. मी माझ्या तक्रारीचे मुद्दे क्रमाने मांडू लागलो, परंतु ताई तोवर थालीपिठे लावायला गेली होती. ताटल्या कापडाखालून सरकवल्या गेल्या. दोन हात बाहेर आले आणि ताटल्या आत गेल्या. लोणी पुन्हा मागण्यात आले.

“कुणाची रे तुम्ही?” ताईने विचारले.

“ते नाही सांगू शकत आजी. आमचा कन्सेप्ट आहे.”

“लग्नं झालीत?”

“नाही.”

“मग अंतरपाट धरून कशाला हिंडता? राहता कुठे?”

“दिव्या...” एक म्हणाला, आणि कापड एका बाजूने जोरात हलले. त्याला कोपर मारण्यात आले असावे.

“दिवा स्टेशनाकडून आलात होय. पाणी येतं का आता तिकडे?”

“एक दिवसाआड,” दुसरा आवाज, बहुधा मुलीचा, नाइलाजाने म्हणाला. मग ती एकाएकी बोलू लागली. “आजी, आमच्याकडे ना लग्न म्हणजे टेरेसवर दोन तास. नातेवाईक पण नाही येत, दिव्याला कोण येणार? तुमची ती कॅसेट बघितली, सगळे नुसते हसतायत, कोणाला घाई नाही. तुमचा आवाज ऐकला की असं वाटतं, आपण पण तिथे गेलेलो.”

मी म्हणालो, “तुम्ही तिथे गेला नव्हता. मी गेलो होतो. पंखे बंद होते.”

“श्रीपाद, गप,” ताई म्हणाली, आणि मग तिने तो एकच प्रश्न विचारला जो तिला विचारायचा होता. “शेवटचं ‘सावधान’ का कापलंत?”

“त्याच्यानंतर संपतं ना आजी,” मुलगा म्हणाला. “आम्हाला संपवायचं नव्हतं.”

“न संपणारं लग्न मी लावत नाही. माझ्या नातीच्या लग्नात ते वाजवू देऊ नका. तिथे मला गायचंय.”

“आम्ही नाही वाजवणार. पण आता ते सगळ्यांकडेच आहे आजी. आमच्या हातात नाही राहिलं.”

त्यांनी वाकून नमस्कार केला. ते कापडाच्या फुगवट्यावरून कळले. ताईने कापडावरूनच डोक्यांवर हात ठेवले. तिची माया हा तिचा दोष आहे, असे माझे मत मी येथे नोंदवतो.

आता लग्न. कार्यालय डोंबिवलीत, मुहूर्त दुपारचा. ताई पहिल्या रांगेत नऊवारी नेसून बसली होती. मान्यवर म्हणून तिला फेटा बांधण्यात आला होता. अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी दोन श्लोक म्हटले आणि सलिलच्या एका मित्राने भ्रमणध्वनीवरून गाणे सुरू केले. ठेका सुरू झाला. ‘मामी ती रडते.’ माझ्याशेजारी बसलेल्या योगिनीने उठून सर्वांना हात केला. ‘सावधान’ आले, अक्षता पडल्या. पुन्हा ‘मामी ती रडते’, पुन्हा ‘सावधान’, पुन्हा अक्षता.

आपल्या लोकांची एक खोड अशी की ‘सावधान’ ऐकल्यावर ज्याच्या हाती तांदूळ आहेत तो ते टाकल्यावाचून राहूच शकत नाही. हात आपोआप उठतो. गाणे संपले आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झाले. अक्षता संपल्या. करवल्या परातीत नव्या घेऊन आल्या, त्याही संपल्या. सलिलच्या मामांनी स्वयंपाकघरातून मसालेभाताचा कच्चा आंबेमोहोर मागवला. आचारी पातेल्याला मिठी मारून बसला. मग लोक वाकून जमिनीवरचे वेचून टाकू लागले. गुरुजी हात हलवून काही सांगत होते, परंतु त्यांच्या ध्वनिक्षेपकातूनही ताईच गात होती.

“बंद करा रे!” सलिलचे वडील ओरडले.

“काका, फोन लॉक झालाय! प्रतीकचा आहे, तो पार्किंग शोधतोय!”

शेवटी कोणीतरी मुख्य बटण पाडले. दिवे गेले, पंखे थांबले, आणि त्या अवाढव्य सभागृहात तांदूळ पायाखाली चुरडल्याचा तेवढा आवाज राहिला.

रुचिता धावत ताईपाशी आली. “मावशी, लवकर, नुसतं शेवटचं ‘सावधान’ म्हण!”

ताई उठली. फेटा काढून तिने माझ्या हातात दिला आणि ती मांडवात गेली. “नुसतं शेवटचं कसं म्हणू? आधी आठ म्हणणार.”

“आजी, मुहूर्त टळतोय,” गुरुजी म्हणाले.

“टळला मघाशीच. आता घाई कसली?”

यावर शास्त्रात उत्तर नसावे, कारण गुरुजी खाली बसले. ताई गाऊ लागली, ध्वनिक्षेपकावाचून, कोरड्या आवाजात. मागच्या रांगांना ऐकू येईना, म्हणून मागच्या रांगा पुढे आल्या. जेवायला बसलेले हात न धुता आले. तिसऱ्या कडव्यात ‘चावी जी सलिलास सापडत ना, आसावरी दाखवी’ ही ओळ आली तेव्हा सलिलच्या आईने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “हे कुणी सांगितलं यांना?” पाचव्यात रुचिता होती. ते ऐकून ती हसली, आणि हसता हसता खांबाकडे तोंड करून उभी राहिली. मी ते कडवे येथे देत नाही. ते तिचे आहे.

आठवे संपत आले. ताईने शेवट लांबवला. सलिलने मान वर केली. आसावरीने केली नाही. ताईचा स्वर चालू होता, श्वास संपत होता, पाचशे माणसे तांदळाची एकेक मूठ धरून थांबली होती. ताईने गाणे थांबवले आणि अंतरपाटाच्या कडेने डोकावून विचारले, “झालं का गं तुझं?”

“आजी, मुंडावळी नथीत अडकलीये! मान वर करता येत नाहीये! म्हण ना लवकर, पाय दुखतायत!”

मुंडावळी सोडवण्यात आली. मान वर झाली. ताईने ‘सावधान’ म्हटले.

माझी बहीण त्या दिवशी दोनदा जेवली, आणि घरी जाताना रिक्षात काहीही पुटपुटत नव्हती. प्रकरण इथे संपते असे वाटून मी ही तक्रार मागे घेणार होतो.

परंतु त्या सभागृहातील प्रत्येक हातात तांदूळ होते तसा दुसऱ्या हातात भ्रमणध्वनीही होता. जून महिन्यात ‘वरपक्ष’ने नवे गाणे काढले. त्यात आठही कडवी आहेत, ‘झालं का गं तुझं’ आहे, ‘पाय दुखतायत’ आहे, आणि या वेळी शेवटचे ‘सावधान’ही आहे. गाण्याखाली त्यांनी लिहिले आहे, ‘सरोजआजींच्या सांगण्यावरून, संपणारे.’ त्यांनी तिचा शब्द मानला, याहून मोठी हानी शत्रूलाही करता आली नसती. आधीच्या गाण्याला शेवट नव्हता, म्हणून निदान शेवटाला तरी माणूस लागत होते. आता तेही लागत नाही.

आज ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत प्रत्येक मुहूर्तावर हेच वाजते. नवरा कोणीही असो, सभागृहाला सांगितले जाते की सलिलला चावी सापडत नाही. भलत्याच मुली अंतरपाटामागे उभ्या राहून आसावरीची नथ सुटण्याची वाट पाहतात. माझ्या नातीचे आणि तिच्या नवऱ्याचे लग्न आजवर किती वेळा लागले याची गणना कायद्याने कशी करावी, हे मी एका वकिलाला विचारले. त्याने मामी का रडते ते विचारले. आणि ज्यांच्या घरी खरोखर लग्न आहे, त्यांच्याविषयी त्या सभागृहात एक अक्षरही उच्चारले जात नाही. ताई तिसऱ्या मजल्यावर आहे. मार्गशीर्ष आला आणि गेला. एकही बोलावणे नाही. परवा ती मला म्हणाली, “कुणाच्या घरी लसूण सोलून हवी असेल तर बघ रे.”

म्हणून वाचकहो, आपल्याकडे मागणी एकच. आपल्या घरी लग्न ठरले असेल तर माझ्या बहिणीला गायला बोलवा. नौपाड्यात येऊन, जिना चढून, हाती अक्षत देऊन बोलवा. ती आली की तिला थेट स्वयंपाकघरात न्या, आणि तिच्यासमोर नेहमीसारखे बोला. कार्याच्या दिवशी ध्वनिक्षेपक बंद ठेवा. भ्रमणध्वनी दारातच गोळा करून घ्या.